मशीन ज्या गावाहून आलं, त्या गावी जेवा

प्रश्न: मी चाकणजवळच्या एका व्हेंडर कंपनीत मेंटेनन्सला आहे. कंपनी ट्रेनिंगसाठी जपानला, नागोयाजवळ पाठवते आहे. शनिवार-रविवार मोकळे मिळतील. जपानी जेवण म्हणजे सुशी आणि रामेन, एवढंच मला माहीत आहे. आपल्याकडे कोल्हापूरचं वेगळं, मालवणचं वेगळं, खानदेशचं वेगळं, तसं तिथेही असेलच ना? ते कुठे जाऊन खावं? — एक वाचक, मोशी

उत्तर: असतं, आणि जपानी माणसाला त्याचा फार अभिमान असतो. सुटीला बाहेर पडताना तिथे काय खायचं हे तो घरूनच ठरवून निघतो. परतताना ऑफिसातल्या प्रत्येकाला पुरेल एवढा त्या गावचा खाऊ आणतो. तुमच्या कंपनीतले जपानी साहेब सुटीहून आले की टेबलावर छोट्या पुड्यांचा खोका उघडून ठेवत असतील, तर त्यावरच्या गावाचं नाव विचारून घ्या. तुमच्या यादीतलं ते पहिलं गाव.

माझा सल्ला असा आहे की टोकियोतली नावाजलेली हॉटेलं शोधत बसू नका. आपल्या पट्ट्यातल्या कारखान्यांतली ड्राइव्ह, टायर, मोटारसायकली जपानमधल्या ज्या शहरांतून आल्या, त्या शहरांत जेवायला जा. ही कामगारांची शहरं आहेत. शिफ्ट सुटल्यावर भूक लागलेल्या माणसाला पोटभर, गरम आणि परवडणारं जेवण कसं द्यायचं, हे तिथल्या छोट्या खाणावळींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बाहेरून येणाऱ्याला प्रांताची चव अशाच ठिकाणी सापडते.

तुमची सुरुवात नागोयापासून होते आहे, हे उत्तम. तळेगावला कारखाना असलेल्या मित्सुबिशी इलेक्ट्रिकचं पीएलसी, सर्व्हो आणि ड्राइव्हचं मोठं काम नागोयात चालतं. शेजारीच टोयोटा शहर आहे आणि भोवती टोयोटाला माल पुरवणाऱ्या कंपन्यांचं जाळं. या सगळ्या आइची प्रांताच्या जेवणाचा कणा म्हणजे गडद लाल, जवळजवळ काळा मिसो, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेलं दाट वाटण. जपानात इतरत्र मिसो करताना सोयाबीनला बहुधा तांदळाची किंवा जवाची जोड देतात. इथे नुसतं सोयाबीन, मीठ आणि पाणी. नागोयाहून मेइतेत्सु रेल्वेने साधारण अर्ध्या तासावर ओकाझाकी आहे. तिथल्या किल्ल्यापासून जेमतेम ८७० मीटरवर हात्चो मिसो बनवणारी दोन जुनी घराणी समोरासमोर आहेत. त्यातलं काकुक्यू १६४५ पासून चालू आहे. पुरुषभर उंचीच्या लाकडी पिंपांत सुमारे सहा टन मिसो भरायचा, त्यावर नदीतले गोटे हाताने एकावर एक शंकूसारखे रचायचे आणि दोन उन्हाळे, दोन हिवाळे त्याला हात लावायचा नाही, अशी रीत आहे. सिमेंट नाही, बांधणी नाही. भूकंपातही तो ढीग ढळू नये इतकं ते रचणं नेमकं असतं आणि ते शिकायला वर्षं लागतात. कारखाना आतून दाखवतात. मेंटेनन्सच्या माणसाने एक शनिवार यासाठी राखून ठेवावाच.

हाच मिसो मग नागोयाच्या ताटात जागोजागी भेटतो. मिसो-निकोमी-उदोन मातीच्या भांड्यात खदखदत येतं. झाकणाला भोक नसतं, कारण ते उलटं धरून त्यात नूडल घ्यायचे आणि निववून खायचे. नूडल मुद्दाम कडक ठेवलेले असतात, तेव्हा कच्चे राहिले असं समजून परत पाठवू नका. मिसो-कात्सू म्हणजे पाव-चुऱ्यात घोळून तळलेलं डुकराचं मांस, वर तोच मिसो. कोंबडीचे पंख तळून त्यावर मिरपूड आणि तीळ, त्याला तेबासाकी म्हणतात आणि आपल्या जिभेला ते लगेच आवडतं.

एकदाच थोडे जास्त पैसे खर्च करायचे असतील, तर हित्सुमाबुशीवर करा. निखाऱ्यावर भाजलेली वाम बारीक चिरून भातावर पसरलेली असते. लाकडी भांड्यातल्या भाताचे चार भाग करायचे. पहिला नुसता खायचा, दुसरा कांद्याची पात आणि वासाबी घालून, तिसरा वरून गरम दाशी, म्हणजे वाळवलेल्या माशाचा पातळ रस्सा, ओतून, आणि चौथा यातला जो प्रकार आवडला तसा. आत्सुता देवस्थानाजवळचं होराइकेन हे १८७३ पासूनचं दुकान यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे गर्दी असते, दुकान उघडायच्या आधी पोहोचा. आणि हातात दहाच मिनिटं असली तर नागोया स्टेशनच्या फलाटावर उभ्याने किशिमेन खा. पट्टीसारखे चपटे नूडल, गरम रस्सा, आणि पुढची गाडी.

सकाळच्या कॉफीबद्दल मात्र मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण ती आपल्यासारख्या औद्योगिक गावातूनच जन्मली. नागोयाजवळ इचिनोमिया हे कापडगिरण्यांचं गाव. मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येईना, म्हणून माग चालवणारे व्यापाऱ्याला घेऊन जवळच्या कॉफीच्या दुकानात बसू लागले. दिवसातून अनेकदा येणाऱ्या या गिऱ्हाइकांना दुकानदारांनी सकाळच्या कॉफीबरोबर शेंगदाणे आणि उकडलेलं अंडं फुकट द्यायला सुरुवात केली. पुढे त्यात टोस्ट आला, आणि ती चाल साऱ्या आइचीत पसरली. आजही सकाळी अकराच्या आत कॉफी मागवली की टोस्ट आणि अंडं बहुतेक दुकानांत त्याच पैशांत येतं. कोमेदा ही १९६८ साली नागोयात सुरू झालेली साखळी सगळीकडे दिसेल, पण मी म्हणेन की स्टेशनच्या मागच्या गल्लीतलं, वर्तमानपत्रं ठेवलेलं, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांनी भरलेलं दुकान निवडा. तिथे ओगुरा टोस्ट मागा: लोण्याच्या टोस्टवर लाल चवळीसारख्या आझुकी शेंगांच्या दाण्यांचं गोड सारण. चव आणि पोत दोन्ही पुरणाच्या इतक्या जवळ आहेत की पहिल्याच घासाला घर आठवेल.

आता जोडून सुटी मिळाली तर पश्चिमेकडे निघा. आकुर्डीच्या बजाजने १९८० च्या दशकात कावासाकीशी करार केला आणि इथल्या रस्त्यांवर केबी १०० धावू लागली. आज कावासाकीच्या गाड्यांची जुळणी चाकणला होते. त्या मोटारसायकलींचं माहेर आहे आकाशी, कोबेच्या पलीकडचं समुद्रकाठचं शहर. ओसाकाहून जलद लोकलने पाऊण तासाच्या आत पोहोचता. स्टेशनसमोर उओनोताना हा झाकलेला मासळीबाजार आहे, सुमारे चारशे वर्षांचा. समोरच्या सामुद्रधुनीत पाण्याला जबर ओढ असते, त्यामुळे इथला ऑक्टोपस घट्ट आणि चवदार होतो असं कोळी सांगतात. बाजारातल्या छोट्या दुकानांत आकाशीयाकी मिळते. गावकरी तिला तामागोयाकीच म्हणतात. ओसाकाची ताकोयाकी तुम्ही चित्रात पाहिली असेल, वर दाट सॉस घातलेली. आकाशीची त्याहून जुनी आणि फार नाजूक आहे. अंड्याचं प्रमाण जास्त, आत ऑक्टोपसचा एक तुकडा, तिरप्या लाकडी पाटावर वाढलेली, आणि सॉसऐवजी गरम दाशीत बुडवून खायची. मला विचाराल तर ओसाकाच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा इथवर यावं.

ब्रिजस्टोनचा चाकणचा कारखाना २०१३ पासून चालू आहे. ही कंपनी १९३१ साली क्यूशू बेटावरच्या कुरुमे या गावात स्थापन झाली. त्याच गावात १९३७ साली नानकिन सेन्र्यो नावाच्या गाडीवर डुकराच्या हाडांच्या रश्शातला रामेन पहिल्यांदा विकला गेला. आज जगभर मिळणारा तोन्कोत्सु रामेन इथून निघाला. रस्सा पांढुरका-दाट होण्याची गोष्ट मात्र थोडी नंतरची, १९४७ ची: दुसऱ्या एका दुकानात भांडं चुलीवर वाजवीपेक्षा जास्त वेळ राहिलं आणि चव अशी उतरली की तीच पद्धत ठरून गेली. कुरुमेची जुनी दुकानं कालच्या रश्शात आजचा मिसळत जातात, त्यामुळे वास उग्र असतो. पहिल्या वाटीला नाक मुरडलंत तरी अर्धी संपेपर्यंत थांबा. नूडल संपले आणि रस्सा उरला तर "काएदामा" म्हणा, थोड्या पैशांत नूडलचा दुसरा गोळा येतो. जवळच्या फुकुओका शहरात संध्याकाळी रस्त्याकडेला याताई नावाच्या हातगाड्या लागतात. बाकडं आठ-दहा जणांचं, अनोळखी माणूस खांद्याला खांदा लावून बसलेला. खाऊन झालं की जागा सोडायची, हा तिथला रिवाज.

वाटेत ओकायामाला उतरा. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाला आपण पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणतो. २००६ साली उघडलेली ही बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेली आहे. मूळ बाग पाहून झाली की बाराझुशी खा. सतराव्या शतकात तिथल्या इकेदा घराण्याच्या सरदाराने काटकसरीसाठी फर्मान काढलं, की जेवणात एक सार आणि एकच तोंडीलावणं असावं. लोकांनी मासे, भाज्या, अंड्याच्या पट्ट्या असा सगळा थाट आंबट केलेल्या भाताच्या तळाशी लपवला आणि जेवायच्या वेळी डबा उलटा केला, असं ओकायामावाले सांगतात. फर्मान गेलं, भात राहिला. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर तिथले पांढरे पीच चुकवू नका.

दुकान कसं ओळखायचं? दारावर कापडी पडदा लावलेला असेल तर दुकान चालू आहे. काचेच्या कपाटात पदार्थांच्या प्रतिकृती असतील तर बोट दाखवून काम भागतं. आत शिरताच कूपनाचं यंत्र दिसलं तर आधी पैसे टाका, चिठ्ठी काउंटरवर द्या. दुपारी 'तेइशोकू' मागा: भात, सार, लोणचं आणि एक मुख्य पदार्थ, असं ठरलेलं ताट. हेच दुकान रात्री दुप्पट महाग पडू शकतं. दोननंतर बऱ्याच छोट्या खाणावळी बंद होतात. रात्री इझाकायात, म्हणजे पिण्या-खाण्याच्या दुकानात, बसलात, तर न मागता एक छोटी वाटी येते आणि बिलात तीनशे-पाचशे येन लागतात. ती बसण्याची आकारणी असते, त्यावरून हुज्जत घालू नये. टीप ठेवायची पद्धत नाही. एप्रिलच्या शेवटापासूनचा सुटीचा आठवडा, ऑगस्टच्या मध्यातला ओबोन आणि नवं वर्ष, या तीन वेळी कारखान्यांबरोबर घरगुती खाणावळीही बंद असतात आणि गाड्या तुडुंब असतात.

आणि एक वाक्य पाठ करून जा: "कोनो हेन नो मेइबुत्सु वा नान देसु का?" या भागाची खासियत काय, असा त्याचा अर्थ. तुमच्या ट्रेनरला पहिल्याच दिवशी हे विचारा. माणूस कितीही अबोल असला तरी या प्रश्नावर तो कागद घेऊन नकाशा काढायला बसतो.

टोकियोला जाणं झालंच, तर युराकुचो स्टेशनला लागून असलेल्या कोत्सू काइकान इमारतीत निरनिराळ्या प्रांतांची स्वतःची दुकानं आहेत, तिथे एका दुपारी अर्धा देश चाखता येतो. योकोहामा हे १९६५ पासून मुंबईचं भगिनी-शहर. तिथे शिन-योकोहामा स्टेशनजवळ १९९४ साली उघडलेलं रामेन संग्रहालय आहे, ठिकठिकाणचे रामेन एका छताखाली. वेळ कमी असणाऱ्यांची ही सोय आहे. तुमच्याकडे वेळ आहे, तेव्हा तुम्ही मूळ गावीच जावं.

प्रश्न: मुलाला कंपनी जपानला पाठवते आहे. आमच्या घरात माळ आहे. मांस, मासे, अंडं काही चालत नाही, चातुर्मासात कांदा-लसूणही नाही. सगळे म्हणतात तिथे उपाशी राहील. खरंच काही मिळत नाही का? — एक वाचिका, देहू

उत्तर: ताई, उपाशी राहणार नाही, पण डोळे उघडे ठेवावे लागतील. अडचण मांसाची नसते, ते दिसतं. अडचण दाशीची आहे. वाळवून, धुरावून, किसलेल्या बोनितो माशाचा हा रस्सा मिसो सूपमध्ये, उदोनमध्ये, तळलेल्या टोफूच्या सॉसमध्ये असतो. पालकाच्या साध्या भाजीवरही तो कीस भुरभुरतात. कढीपत्ता आपण जितक्या सहज घालतो तितक्या सहज ते हा मासा घालतात, आणि वाढणाऱ्याला त्यात 'मासा' आहे हे जाणवतही नाही. म्हणून "मी शाकाहारी आहे" एवढं सांगून भागत नाही. मुलाला हे जपानीत लिहून द्या: "निकु तो साकाना तो तामागो वा ताबेरारेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देसु." मांस, मासे, अंडं खात नाही, बोनितोची दाशीही नको. हे जपानी लिपीत छापून पाकिटात ठेवलेलं उत्तम. नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, शाकाहारी आहे, पण सोबतच्या सॉसच्या पुडीत बहुधा मासा असतो. पुडी बाजूला ठेवायची, मीठ घालून खायचं.

आइचीत असेल तर कोको इचिबान्या ही करी-भाताची साखळी १९७८ साली त्याच प्रांतात सुरू झाली. अनेक शाखांत पूर्ण शाकाहारी करी मिळते. फक्त 'भाज्यांची करी' मागू नये, तिच्या रश्शात मांसाचा अंश असतो. शाकाहारी करी वेगळी असते, तिचंच नाव घ्यावं. आणि सोबत मेतकूट द्या. जपानी भात मुळातच मऊ आणि चिकट असतो, मेतकूट-भात तिथे फार छान लागतो.

पण एका ठिकाणी त्याला अशी कोणतीही चौकशी करावी लागणार नाही, आणि तिथे त्याने जावंच असं मला मनापासून वाटतं. वाकायामा प्रांतातला कोयासान पर्वत. इ.स. ८१६ मध्ये कूकाई या बौद्ध आचार्यांनी तिथे मठ स्थापला. आज डोंगरमाथ्यावर शंभरावर देवळं आहेत आणि त्यातल्या सुमारे पन्नासांत मुक्कामाची सोय आहे. जेवण शोजिन, म्हणजे मठाच्या नियमांचं: मांस नाही, मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. दाशी काढतात ती कोम्बू या समुद्री वनस्पतीची आणि वाळवलेल्या शिताके अळिंबीची. तिळाचा गुळगुळीत गोमा-दोफू आणि डोंगरावरच्या थंडीत गोठवून वाळवलेला कोया-दोफू या दोन गोष्टी इथल्याच. कोया-दोफू रश्शात शिजवला की रस शोषून फुगतो. चावला की तोंडात सगळा रस सुटतो. संध्याकाळचं जेवण सहाच्या सुमारास आणि पहाटे प्रार्थना, त्यामुळे आषाढीच्या वारीत मुक्कामाला राहिलेल्या माणसाला इथली शिस्त परकी वाटणार नाही. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून नानकाई रेल्वे आणि शेवटी दोरखंडाने ओढली जाणारी गाडी, मिळून साधारण दोन तास.

वाकायामा आणि महाराष्ट्र यांच्यात २०१३ साली सहकार्याचा करार झाला. २०१५ साली कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झालं. देहूचा मुलगा बाराशे वर्षं जुन्या मठात शाकाहारी ताटावर बसेल आणि सकाळी बाबासाहेबांना वंदन करून खाली उतरेल, असा रविवार जपानात दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

प्रश्न: जपानला जाणं आमच्याकडून व्हायचं नाही. पिंपरी-चिंचवडच्या आसपास काय करता येईल? — एक वाचक, निगडी

उत्तर: पुण्यात येरवड्याच्या रिट्झ-कार्लटनमध्ये उकियो आणि मंगलदास रस्त्यावरच्या कॉनराडमध्ये कोजी आहे. मुंबईच्या ताजमध्ये २००४ पासून वासाबी आहे. ही सगळी खर्चिक ठिकाणं, वाढदिवसाला वगैरे जावं अशी. वाकड, हिंजवडी, चाकणच्या ज्या हॉटेलांत जपानी इंजिनिअर महिनोन्‌महिने उतरतात, तिथे फोन करून जपानी नाश्ता किंवा जेवण बाहेरच्यांना मिळतं का हे विचारा. पण प्रांताप्रांताची चव यातून मिळेल अशी फार अपेक्षा ठेवू नका. हॉटेलांचा भर सुशी आणि तेंपुरावर असतो.

त्यापेक्षा घरी करा, कारण त्यासाठी लागणारी मुख्य वस्तू तुमच्या दाराशी पिकते. मावळातला इंद्रायणी तांदूळ आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून आला. शिजल्यावर तो एकमेकाला धरतो, आणि ओनिगिरी म्हणजे भाताचे त्रिकोणी मुटके वळायला नेमकं तेच हवं असतं. तांदूळ पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, अर्धा तास भिजवा, सव्वापट पाणी घालून झाकून शिजवा आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नका. तांदूळ नवा असेल तर पाणी थोडं कमी, नाहीतर गिचका होतो. भात हाताला सोसेल इतका गरम असतानाच ओल्या, मीठ लावलेल्या तळव्यावर घ्या, मध्ये लिंबाच्या खारट लोणच्याची फोड ठेवा, आणि तीन-चार दाबांत वळा. जास्त दाबलात तर गोळा दगड होतो. आइचीच्या डोंगराळ भागातली गोहेइमोची करायची असेल तर भात थोडा ठेचून चपटा गोळा काडीला लावा, तव्यावर भाजा, आणि मिसो, गूळ व कुटलेले अक्रोड यांचं मिश्रण फासून पुन्हा भाजा. मिसो ऑनलाइन मिळतो, पण त्याच्या पाकिटावरही दाशीचा उल्लेख आहे का ते वाचून घ्या. मिसो लवकर जळतो, तेव्हा दुसऱ्या भाजणीला आच मंदच ठेवा.